मोजायचं कुणासाठी?

१९४८ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने नगर जिल्ह्यातल्या कालव्यांवर एक पाहणी अहवाल प्रसिद्ध केला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचं पाणी शेतात पोहोचल्यावर त्या पट्ट्यात काय बदललं, हा अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा प्रश्न होता. सरकारी खतावणीत त्याचं उत्तर सोपं होतं: बांधकामाला किती खर्च आला आणि पाणीपट्टी किती जमली. गाडगीळांनी ती चौकट रुंद केली. कालव्याचे थेट फायदे धरायचेच, पण अप्रत्यक्ष फायदेही धरायचे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे दोनच वर्षांत प्रवरेच्या पट्ट्यात सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच्या अध्यक्षपदी गाडगीळ स्वतः होते. ज्या माणसाने फरक मोजला, तोच तो फरक पुढे नेणाऱ्या कामात उतरला.

त्याहीआधी, १९१२ च्या सुमारास, मुंबईच्या सर रतन टाटांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दारिद्र्याची कारणं आणि त्यावरचे उपाय अभ्यासण्यासाठी देणगी दिली. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या संशोधन विभागाचे पहिले संचालक पुढे इतिहासकार म्हणून गाजलेले आर. एच. टॉनी होते. पैसा दिला की काम झालं असं न मानणारा देणगीदार शंभर वर्षांपूर्वीही होता, हे यातून दिसतं.

आज हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत समोर आला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. २०२२-२३ पर्यंत देशभरातला हा खर्च वर्षाला जवळपास ३० हजार कोटी रुपयांवर गेला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सातत्याने सर्वांत मोठा राहिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले. ज्या कंपनीवर सीएसआरची सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त जबाबदारी आहे, तिने १ कोटी आणि त्यावरच्या प्रत्येक प्रकल्पाचं, प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर, त्रयस्थ संस्थेकडून परिणामांचं मूल्यमापन करून घेणं बंधनकारक झालं. तेव्हापासून मूल्यमापन हा स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. सल्लागार कंपन्या आल्या, अॅप आली, डॅशबोर्ड आले. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या कार्यकर्त्याच्या हाती वहीच्या जागी टॅब आला.

या सगळ्यातून माणसांच्या जगण्यात काही सुधारलं का? आढावा घ्यायचा तो याचा.

सुरुवात सर्वांत सोप्या मोजणीपासून करावी. किती शौचालयं बांधली, किती सायकली वाटल्या, किती महिलांना प्रशिक्षण दिलं. हे आकडे खोटे नसतात, पण अपुरे असतात. शाळांमधल्या शौचालयांचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. २०१४-१५ मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेखाली सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनी देशभरातल्या सरकारी शाळांमध्ये शौचालयं बांधली. संख्या लाखाच्या पुढे गेली आणि उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. पथकांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या, बांधून झालेल्या २,३२६ शौचालयांपैकी ६९१ वापरात नव्हती आणि ७२ टक्के शौचालयांत नळाचं पाणीच नव्हतं. बांधकाम झालं होतं, बिलं चुकती झाली होती, फोटो काढले गेले होते. पाळीच्या दिवसांत घरी बसणारी मुलगी शाळेत येऊ लागली का, हे मोजायचं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

वस्तू मोजण्यापेक्षा बदल मोजणं अवघड आहे, याचं कारणही साधं आहे. एखाद्या तालुक्यात संस्थेने शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि दोन वर्षांत त्यांचं उत्पन्न वाढलं. मधल्या काळात पाऊस चांगला झाला असेल, कांद्याला भाव मिळाला असेल, एखादा मुलगा पुण्याला कामाला लागून पैसे पाठवू लागला असेल. संस्था नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज असल्याशिवाय वाढीचं श्रेय कुणालाच देता येत नाही. त्यासाठी तुलनेला तशाच परिस्थितीतली दुसरी गावं लागतात, कामाआधीची नीट मोजणी लागते आणि धीर लागतो.

हे तिन्ही महाराष्ट्रात एकत्र जुळून आलेलं सर्वांत भक्कम उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. १९८९ मध्ये राणीताईंचा दोन गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा जननेंद्रियाचा कुठला ना कुठला आजार होता. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जात होतं. जे कुणी मोजलंच नव्हतं ते मोजल्यामुळे एक अख्खं दुखणं उजेडात आलं. मग न्यूमोनियाचा अभ्यास झाला. गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. तशी ५८ गावं होती, तुलनेला ४४ गावं. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आला: काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

इथे एक लहानसं साधन आवर्जून सांगण्यासारखं आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाला किती श्वास पडतात ते मोजावं लागतं. अनेक सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. बंग यांनी मण्यांची एक पाटी केली, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत मणी खुणेपलीकडे गेला तर बाळाला औषध हवं. ज्या बाईने मोजायचं, तिनेच त्या मोजणीवरून तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा. आकडा आधी मुंबईला किंवा जिनिव्हाला जाऊन अहवालात बसत नव्हता.

१९९३ मध्ये नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला गेला. पहिली दोन वर्षं मुख्यतः नोंदी झाल्या. मग १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघर जाऊ लागल्या. बाळाचं वजन करायचं, अंगाला हात लावून आणि थर्मामीटरने ताप किंवा गारठा पाहायचा, आईला दूध पाजायला मदत करायची, जंतुसंसर्ग दिसला तर घरच्यांच्या संमतीने इंजेक्शन आणि तोंडावाटे औषध द्यायचं. तुलनेला ४७ गावं होती. १९९८ पर्यंत कामाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला, तर तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे राज्यात इतर संस्थांनी ही पद्धत करून पाहिली आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ती देशभर नेली.

या यशाला लागूनच दोन अवघड प्रश्न उभे राहतात आणि ते टाळू नयेत. तुलनेच्या गावांतली बाळं सरकारी सेवेच्या भरवशावरच राहिली. उपाय खात्रीने चालतो हे कळण्याआधी ते मान्य करता येतं, कळल्यावर नाही. म्हणून अशा अभ्यासाला नैतिक मुदत असते. दुसरा प्रश्न व्याप्तीचा. आशाताईला एका बाळामागे सहा किंवा सात भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळतात. म्हणजे सरकारी यंत्रणेने उचललं ते भेटींचं मोजमाप. गडचिरोलीत त्या भेटीमागे जे होतं, म्हणजे दर पंधरवड्याला येणारा पर्यवेक्षक, औषधाचा अखंड पुरवठा, चूक झाली तर न रागावता पुन्हा शिकवणारा माणूस, ते तक्त्यात मावत नाही आणि म्हणून अंदाजपत्रकातही मावत नाही.

मोजणीला राजकीय धारही असते. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेला 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. सरकारी दप्तरात बालमृत्यूंचा मोठा हिस्सा येतच नाही, हे त्याने दाखवून दिलं. सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. संस्थांनी स्वतःची कामगिरी सिद्ध करण्यासाठी केलेली ती मोजणी नव्हती. मेलेली मुलं आधी कागदावर तरी यावीत यासाठी ती होती.

शिक्षणात याच्या जवळ जाणारं काम 'प्रथम'ने केलं. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून ही संस्था सुरू झाली. तिच्या 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतली बारावी शिकलेली किंवा त्याच्या आसपासची तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या कार्यक्रमाची तपासणी झाली. कुठल्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना निर्मळ राहील. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण 'प्रथम'च्या खात्यात जमा करावी अशी खरी गोष्ट उत्तर प्रदेशातल्या जौनपूरची आहे. २००५-०६ मध्ये तिथल्या २८० गावांत एक कल्पना तपासली गेली: गावकऱ्यांना सभेत सांगितलं की तुमच्या मुलांना वाचता येत नाही आणि शाळा सुधारायचे अधिकार तुमच्याकडे आहेत, तर ते उठून शाळेला जाब विचारतील. ही कल्पना संस्थेला मनापासून प्रिय होती, देणगीदारांनाही. अभ्यासाने सांगितलं की सभांनी काहीही हाललं नाही. शिक्षकांची हजेरी वाढली नाही, पालकांचा सहभाग वाढला नाही, मुलांचं वाचन सुधारलं नाही. सुधारली ती फक्त गावातल्या स्वयंसेवकांच्या वाचनवर्गाला आलेली मुलं, आणि तीही फार थोडी होती. 'प्रथम'च्या रुक्मिणी बॅनर्जी या अभ्यासाच्या सहलेखिका होत्या. आपली आवडती कल्पना फसल्याचं स्वतःच्या नावानिशी छापायचं आणि त्यावरून पुढच्या कामाची दिशा बदलायची, हे धैर्य किती संस्थांना परवडतं? परवडत नसेल तर दोष त्यांचा कमी आणि निधी देणाऱ्यांचा जास्त आहे.

२००५ पासून निघणारा 'प्रथम'चा 'असर' अहवाल याच वृत्तीचा. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गावातल्या घरी जाऊन मुलासमोर तो कागद धरायचा. पहिल्याच अहवालात कळलं की पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचं वाचू शकत होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये ते प्रमाण २०.५ वर घसरलं आणि २०२४ मध्ये २७.१ वर आलं. हे आकडे कुठल्याही एका संस्थेच्या यशाचे नाहीत. तरीही पट आणि वर्गखोल्या मोजणाऱ्या देशाला वाचता येणं मोजायला यातूनच भाग पडलं. २०२१ मध्ये केंद्राने तिसरीपर्यंत वाचन आणि अंकगणित यांचं 'निपुण भारत' अभियान सुरू केलं, त्यामागे या कागदाचा मोठा वाटा आहे.

सगळ्याच तपासण्या अशा सुखावणाऱ्या नसतात. ओडिशात 'ग्राम विकास' संस्थेने सुधारित चुली बसवल्या. प्रयोगशाळेत त्या चुली धूर कमी करत होत्या. संशोधकांनी चार वर्षांपर्यंत घरांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत, तडे गेले. ज्या प्रकल्पाचं मूल्यमापन सहाव्या महिन्यात उरकलं असतं, त्याचा अहवाल झकास आला असता. सूक्ष्म कर्जाचंही असंच. हैदराबादसह सहा देशांतल्या सहा अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जामुळे काहींचे धंदे वाढले, घरात वस्तू आल्या, पण गरिबी हटल्याचं कुठेच दिसलं नाही. वीस वर्षं ज्या दाव्यावर जगभरातून पैसा उभा राहिला तो दावा मोजणीत टिकला नाही.

आता पैसाच निकालाशी बांधण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात 'एज्युकेट गर्ल्स' संस्थेसाठी एक विकास रोखा काढला गेला. एका स्विस प्रतिष्ठानाने आधी पैसे गुंतवले, एका ब्रिटिश प्रतिष्ठानाने निकाल मिळाल्यावर ते परतावा देऊन फेडायचं कबूल केलं, आणि त्रयस्थ संस्थेने मोजणी केली. मुलींच्या पटनोंदणीचं ठरलेलं उद्दिष्ट ११६ टक्के आणि शिकण्याचं १६० टक्के गाठलं गेलं, गुंतवणूकदाराला १५ टक्के दराने परतावा मिळाला. यात लक्ष देण्याजोगी गोष्ट परतावा नाही. पहिली दोन वर्षं मुलांची प्रगती अपेक्षेपेक्षा मंद होती. दरवर्षीची मोजणी हाती असल्यामुळे संस्थेने शिकवण्याची पद्धत बदलली, गैरहजर मुलांच्या घरी जायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वर्षी मोठी झेप घेतली. ठरलेल्या बाबींवरच खर्च करायची सक्ती असलेल्या नेहमीच्या अनुदानात ही मोकळीक मिळत नाही. मात्र इतके वकील, मोजणीदार आणि करारमदार काही हजार मुलांसाठी लागले, हेही विसरून चालणार नाही.

शेअर बाजाराच्या धर्तीवरचा सामाजिक शेअर बाजार २०१९ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, सेबीचे नियम २०२२ मध्ये आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंगळूरूच्या 'उन्नती' प्रतिष्ठानाची पहिली नोंद झाली. नोंद झालेल्या संस्थेला दरवर्षी परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. पारदर्शकतेसाठी हे चांगलं आहे. धोका आहे तो दुसऱ्या एका साधनाचा, जे सीएसआर अहवालांत आता सर्रास दिसतं: गुंतवलेल्या रुपयामागे समाजाला अमुक रुपये परत मिळाले, असं गुणोत्तर. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रतिष्ठानाने हे गणित मांडलं, ते बेघर आणि बेरोजगार माणसांना नोकरी देणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी. नोकरी लागली की सरकारी मदत वाचते, कर मिळतो. तिथे पैशांत हिशेब खरोखर होतो. ग्रामसभेत पहिल्यांदा उठून बोललेल्या बाईच्या धिटाईची किंमत मात्र मूल्यमापन करणारा स्वतःच ठरवतो आणि मग त्या अंदाजावर दोन दशांश स्थळांपर्यंत भागाकार करतो. असा आकडा कुणाला काही शिकवत नाही. तो फक्त वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठाच्या कामाचा.

अमेरिकन समाजमानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकातच बजावलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडेल आणि ज्या कामाचा तो आहे तेही बिघडेल. जलसंधारणात महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. जलयुक्त शिवार अभियानाची प्रगती झालेली कामं, खर्च आणि निर्माण झालेली साठवण क्षमता यांतून सांगितली जायची. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी म्हटलं की सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्याचं आणि गावांना पाण्यात स्वयंपूर्ण करण्याचं उद्दिष्ट फारसं साधलेलं नाही. नाला खोल झाला हे मोजता येतं. त्याच पाण्यावर ऊस वाढला आणि विहिरी पुन्हा जानेवारीतच आटल्या, तर खोलीकरणाचा आकडा तसाच राहतो. पानी फाउंडेशनचा प्रवास इथे सांगायला हवा. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा सुरू झाली, श्रमदानाने माळरानं फुलली, दोन वर्षांत स्पर्धा ७५ तालुक्यांत पोहोचली. पण संस्था खोदाईच्या आकड्यांवर थांबली नाही. आधी समृद्ध गाव स्पर्धा आणि २०२२ पासून गटशेतीचा फार्मर कप, असा तिने मोर्चा वळवला. पाणी अडवण्याइतकंच ते कसं वापरलं जातं याला महत्त्व आहे, हे ओळखून कामच बदललं.

काही कामं अशी असतात की कुठलीही मोजपट्टी त्यांना वेळेत गाठू शकत नाही. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट बसत होते. निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, बहुमताने नाही. वर्षानुवर्षं बाहेरून पाहणाऱ्याला दिसलं असतं ते फक्त बोलत बसलेले लोक. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. तीन वर्षांच्या अनुदानाच्या चौकटीत हे काम चौथ्या वर्षी बंद पडलं असतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ पाठपुरावा केला. कायदा झाला तो २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. त्याआधीच्या प्रत्येक वर्षी 'परिणाम' या रकान्यात काय लिहिणार?

म्हणून प्रत्येक संस्थेने परिणाम सिद्ध करून दाखवावा हा आग्रहच चुकीचा आहे. मेरी के गुगर्टी आणि डीन कार्लन यांनी २०१८ मधल्या पुस्तकात हेच मांडलं. कार्लन स्वतः चिठ्ठ्या टाकून तुलना करणाऱ्या प्रयोगांचे मोठे पुरस्कर्ते, तरीही त्यांचं म्हणणं असं की लहान संस्थेने मोठ्या तुलनात्मक अभ्यासाच्या नादी लागू नये. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालतो का, लोक येतात का, टिकतात का, सोडून जातात ते का, एवढं नीट आणि प्रामाणिकपणे टिपावं, आणि जे टिपून कुठलाही निर्णय बदलणार नाही ते टिपूच नये. ओआरएसचं पाणी जुलाबात जीव वाचवतं हे सिद्ध झालेलं आहे. ते पोहोचवणाऱ्या संस्थेने पुन्हा जीव मोजत बसायचं कारण नाही, पोहोचलं का आणि आईने दिलं का हे पाहिलं की झालं. नवीन, न तपासलेल्या आणि मोठ्या प्रमाणावर पसरवायच्या कल्पनेची कसून तपासणी मात्र झालीच पाहिजे, आणि तिचा खर्च ती पसरवू पाहणाऱ्याने उचलावा.

खर्चाचा मुद्दा इथे येतोच. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, पण अनेक कंपन्या तोच कित्ता संस्थांनाही गिरवायला लावतात. विदेशी निधीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेकडे निधी वळता करण्यावर बंदी घातली. एकीकडे बेसलाइन, एंडलाइन, तिमाही अहवाल, जिओटॅग केलेले फोटो हवेत. दुसरीकडे हे सगळं करणाऱ्या माणसाचा पगार 'ओव्हरहेड' म्हणून कापायचा. मग दिवसभर पाड्यावर फिरलेली कार्यकर्ती रात्री चार देणगीदारांच्या चार वेगवेगळ्या तक्त्यांत तीच माहिती भरत बसते. तिला झोप हवी असते आणि तक्त्याला आकडा हवा असतो. आकडा येतो, पण कसा आलेला असेल हे सांगायला नको.

महाराष्ट्रात याला चांगला पर्यायही घडला आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्यात तिचं समन्वयन पुण्याच्या 'साथी' संस्थेने केलं. सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत झाली. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं: लसीकरण, औषधं, डॉक्टरांची हजेरी, पैसे मागितले गेले का. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. मग ते प्रगतिपुस्तक घेऊन जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल रंग दाखवता येतो. बंद पडलेली उपकेंद्रं सुरू होणं, बाहेरून औषधं लिहून देणं थांबणं, असे बदल यातून ठिकठिकाणी झाले. हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस मोजला जातो आणि पोपटराव पवारांच्या गावाची ग्रामसभा त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस कमी तर पिकं बदलायची. पर्जन्यमापकाचा आकडा तिथे कुणाला पाठवायचा नसतो, त्यावरून रब्बीचं ठरवायचं असतं.

गडचिरोलीची मण्यांची पाटी, 'प्रथम'चा एक कागद, नंदुरबारच्या गावातलं तिरंगी प्रगतिपुस्तक आणि हिवरे बाजारचा ताळेबंद, यांत एक गोष्ट समान आहे. मोजणाऱ्याच्या हातातच निर्णय होता. जिथे मोजणी एकाची, निर्णय दुसऱ्याचा आणि परिणाम भोगणारा तिसराच, तिथे अहवाल जाड झाले आणि काम पातळ झालं.

कंपन्यांच्या सीएसआर समित्यांनी आणि प्रतिष्ठानांच्या विश्वस्तांनी यावर तीन गोष्टी करायला हरकत नाही. मोजणीचा पूर्ण खर्च वेगळा द्यावा, कार्यक्रमाच्या पैशातून कापू नये. मूल्यमापनाचा निष्कर्ष आधी त्या गावात, त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा आणि मगच संचालक मंडळापुढे ठेवावा. आणि ज्या संस्थेने 'हे जमलं नाही' असं लिहून दिलं, तिचा निधी त्या कारणासाठी थांबवू नये. कायद्यात यातल्या एकाही गोष्टीला आडकाठी नाही. २०२२ च्या दुरुस्तीने तर मूल्यमापनावर सीएसआरच्या एकूण खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यांतली मोठी रक्कम खर्ची टाकायची मुभा दिलेली आहे.

दरवर्षी मार्चमध्ये अनेक मराठी घरांतून एखाद्या संस्थेला हजार-पाच हजारांची देणगी जाते. त्यांनी संस्थेला पत्र लिहून एवढंच विचारावं: गेल्या दोन वर्षांत तुमच्याच नोंदी पाहून तुम्ही कामात काय बदललंत? ज्या संस्थेचं उत्तर लाभार्थ्यांच्या संख्येने सुरू न होता एखाद्या बदललेल्या गोष्टीने सुरू होईल, तिला यंदा थोडे जास्त पैसे पाठवावेत.